युद्ध, राजकारण आणि हातातला फोन : उपनगरातले मत घडते कुठे?

युद्ध युक्रेनमध्ये होवो, गाझात होवो की आपल्या सीमेवर. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या माणसाचे त्याबद्दल मत असतेच, आणि बहुतेक वेळा ठाम असते. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गेटवर, नाक्यावरच्या टपरीवर ते ऐकू येते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते सर्वात जास्त दिसू लागले आहे फोनवर. त्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. सर्वसामान्य माणसाचे युद्धाविषयीचे आणि राजकारणाविषयीचे मत फोन घडवतो, की मनात आधीच असलेले फोन फक्त बाहेर काढतो? अभ्यासक, पत्रकार, न्यायालये आणि मोबाइल कंपन्या या सगळ्यांनी या वादात आपापली बाजू मांडली आहे. या वादाची आजची स्थिती नोंदवण्याचा हा प्रयत्न आहे.

साध्या माणसाच्या युद्धविषयक मतावर अलीकडे सर्वाधिक खल झाला तो २०२२ नंतरच्या रशियाबद्दल. मुंबईच्या उपनगरांचा रशियाशी जुना संबंध आहे, आणि दूरचे युद्ध इथे कसे पोचत असे याचा उत्तम दाखलाही त्याच संबंधात सापडतो. म्हणून सुरुवात तिथून करतो.

चिरागनगर ते टीव्ही

अण्णाभाऊ साठे यांच्या आयुष्याची अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत गेली. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, अशा कामगारांपर्यंत व्होल्गाकाठचे ते युद्ध डफ-तुणतुण्यावर पोचले. १९६१ मध्ये अण्णाभाऊ स्वतः रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा युक्रेनचे युद्ध सुरू होऊन सहा महिने उलटले होते.

शाहिराचे मत एकतर्फी असे आणि ते एका पक्षाचे असे. पण ते कुणाचे आहे हे लपलेले नसे. समोर लाल बावटा असे, गाणारा माणूस दिसे, आणि पटले नाही तर ऐकणारा उठून जाऊ शके. आजच्या वादातला कळीचा मुद्दा इथेच सापडतो असे मला वाटते, म्हणून ही नोंद थोडी विस्ताराने केली.

तंत्रज्ञानाच्या बाजूनेही रशिया उपनगरात आला. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने सुरू झाली. पहिले वर्ग वरळीला भरले, १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईत पायाभरणी केली. यंत्रसामग्री आली, तज्ज्ञ आले, साठीच्या दशकात मिन्स्क बनावटीचा संगणकही आला. रशिया हा मदत करणारा मित्र आहे, ही इथल्या मध्यमवर्गाची समजूत अशा अनुभवांतून तयार झाली आणि १९७१ च्या युद्धाने ती पक्की केली. त्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग, आणि घरात रेडिओ. बातमी ठरावीक वेळी यायची आणि सगळ्या चाळीला एकच यायची. मत बनवायला दोन बातम्यांच्या मधला वेळ मिळायचा. पुढे आणीबाणीत, जून १९७५ ते मार्च १९७७, बातमीवरच पहारा बसला. गोरेगावच्या नेत्या मृणाल गोरे आधी भूमिगत होत्या, नंतर तुरुंगात. राजकीय मत माणूस पाहून, आवाज खाली आणून सांगण्याची सवय तेव्हाच्या पिढीला लागली.

नंतर टीव्हीने युद्ध घरात आणले. कारगिल, १९९९, हे पडद्यावर पाहिलेले आपले पहिले युद्ध. उपनगरांना मात्र हिंसेची ओळख पडद्यापेक्षा रेल्वेमार्गावर अधिक झाली. २००२ च्या डिसेंबरात घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलमध्ये, आणि ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत, अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने. त्या संध्याकाळी मोबाइलची जाळी कोलमडली. ज्याच्या घरचा माणूस विरार गाडीत होता त्याला फोन लागत नव्हता. २००८ च्या नोव्हेंबरात, २६/११ च्या हल्ल्यात, उलटे घडले. सगळे दिसत होते, आणि जास्तच दिसत होते. त्यातला हल्लेखोर कसाब याच्या अपिलाचा निकाल देताना, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. युद्धसदृश प्रसंगात माहिती किती द्यावी, हा प्रश्न त्या निकालामुळे आपल्याकडे ठळकपणे चर्चेत आला.

फोन हातात आल्यावर

१८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. त्याबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या आणि ती नोंद पसंत करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना दुसऱ्या दिवशी अटक झाली. मत घरात बसून, स्वतःच्या मित्रयादीपुढे मांडलेले होते. परिणाम रस्त्यावर झाला. घरातले बोलणे आणि चारचौघांतले बोलणे यांच्यामधली भिंत पडली आहे, हे तेव्हा प्रथम सर्वांच्या ध्यानात आले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फोनवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली.

त्याच वर्षी फोन स्वतःच युद्धाचा भाग बनला. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये वीस भारतीय सैनिक हुतात्मा झाले आणि दोन आठवड्यांनी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. फोनमधून काय काढून टाकायचे, यावरून देशभक्ती ठरू लागली. बंदीचे स्वागत करणारा संदेश ज्या फोनवरून लिहिला जाई, तो मात्र पुष्कळदा चिनी कंपनीचाच असे; विवो, शाओमी, ओप्पो यांचा खप त्यानंतरही मोठा राहिला. खिशाचे गणित आणि मनातले मत एका माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, एवढाच याचा अर्थ. मतांचा अभ्यास करणाऱ्याने हे गृहीतच धरायला हवे.

२६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमधून सुटका झालेल्या विद्यार्थ्यांचे पहिले विमान बुखारेस्टहून सहारच्या विमानतळावर उतरले. त्यात २१९ प्रवासी होते. 'ऑपरेशन गंगा' ही सुटकेची मोहीम संपेपर्यंत सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले. तळघरात अडकलेल्या मुलामुलींचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले, आणि युद्धाचे दुःख खरेखुरे जाणवले. तरी रशियाबद्दलचे मत फारसे हलले नाही. प्यू या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५७ टक्के भारतीयांनी रशियाबद्दल अनुकूल मत दिले, जे पाहणीतल्या बहुतेक देशांपेक्षा कितीतरी जास्त होते. फोनवर पाहिलेले दृश्य आणि पन्नास वर्षांची आठवण यांच्या झटापटीत इथे आठवण वरचढ ठरली.

फोनने दिलेले बळही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ती मराठी आहे म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. तिने झालेला प्रकार फोनवर चित्रित करून लोकांपुढे मांडला आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. दहा वर्षांपूर्वी ही गोष्ट जिन्यातच संपली असती. उलट बाजूला २०२४ ची लोकसभा निवडणूक. मुंबई वायव्य मतदारसंघात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात, रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी निवडून आले. गोरेगावच्या नेस्को केंद्रात मतमोजणीच्या वेळी मोबाइल वापरल्याबद्दल वनराई पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या फोनवरच्या ओटीपीने मतदान यंत्र उघडले, अशी बातमी पसरली. यंत्र कशालाही जोडलेले नसते आणि त्याला ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला. बातमी देणाऱ्या वृत्तपत्रानेही नंतर दुरुस्ती छापली. निकालाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. खुलासा बातमीएवढा फिरला नाही. ज्याला शंका घ्यायची होती त्याची शंका उरली, ज्याला नव्हती त्याला खुलाशाची गरजच पडली नाही.

मे २०२५ च्या रात्री

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांतले सहा महाराष्ट्राचे, त्यांपैकी तीन डोंबिवलीचे. ७ मे रोजी पाकिस्तानविरुद्ध 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले. त्याच दिवशी मुंबईसह देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. नियंत्रण रेषेवर अग्निवीर मुरली नाईक हुतात्मा झाला. त्याचे कुटुंब घाटकोपरच्या कामराज नगरात राहिलेले. युद्ध उपनगरात आले ते अशा रीतीने, बातमीतून आणि एका घरातल्या रिकाम्या जागेतून.

फोनवर आलेले युद्ध वेगळे होते. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे काही वाहिन्यांनी सांगितले, ते खोटे निघाले. व्हिडिओ गेममधली दृश्ये हवाई हल्ला म्हणून फिरली. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, फोनचे लोकेशन ताबडतोब बंद करा, 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हिडिओ उघडू नका, त्यात शत्रूचा व्हायरस आहे: हे तिन्ही संदेश मराठीतही आले. पहिल्या दोन्हींचा सरकारी तथ्य-तपासणी कक्षाने इन्कार केला. तिसरा जुन्याच एका अफवेला नवे नाव देऊन बनवलेला होता. १० मे रोजी वाहिन्यांना हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका असे सांगावे लागले, कारण खरा भोंगा वाजला तर लोक त्याकडे दुर्लक्ष करतील ही भीती होती.

त्या दिवसांत मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश मी क्रमाने पाहिले. टाकी धुण्याची सूचना. मग लोकेशन बंद करण्याचा संदेश, खाली 'जसा आला तसा पाठवत आहे'. निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारले, "हे नक्की कुणी सांगितलंय?" उत्तर आले, "काका, खरंखोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी." काकांनी पुन्हा काही लिहिले नाही. अर्ध्या तासात तिरंगे, बदला घेतलाच पाहिजे अशी वाक्ये, हात जोडलेली चिन्हे. शस्त्रसंधीची बातमी आल्यावर दोघांची जुंपली: "एवढ्यात का थांबलो?" आणि "तुमचा मुलगा पाठवा मग." सेक्रेटरींनी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करून टाकली. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी हेच लोक भेटले तेव्हा बोलणे दुसरेच होते. गटात सर्वात तावातावाने लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, "माझा भाचा पठाणकोटला आहे. रात्रभर डोळा लागला नाही. थांबलं ते बरं झालं." हे त्यांनी गटावर कधीच लिहिले नाही.

त्यांचे खरे मत कोणते? दोन्ही खरी होती. पण अभ्यासकाच्या हाती लागेल ते पहिलेच, कारण नोंद त्याचीच राहते.

तीन भूमिका

पहिली भूमिका अशी की फोन मत घडवतो आणि बिघडवतो. खोट्या बातमीचा वेग, ओळखीच्या माणसाकडून आल्यामुळे तिला मिळणारा विश्वास आणि राजकीय पक्षांनी पद्धतशीर बांधलेले गट, ही तिची कारणे. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या राजकीय व्हॉट्सॲप गटांमधली चित्रे तपासली, तेव्हा सुमारे १३ टक्के चित्रे दिशाभूल करणारी निघाली. हा आकडा पुरावा म्हणून दिला जातो. तोच आकडा दुसरी बाजूही पुढे करते: उरलेली ८७ टक्के चित्रे तशी नव्हती. शिवाय ते गट कुणालाही सामील होता येतील असे उघडे होते. घरगुती गटांत काय चालते हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरी भूमिका म्हणते, फोन फक्त वाहक आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांत काम करून निष्कर्ष काढला, की अफवा पुढे पाठवणारे सगळे अडाणी किंवा भाबडे नसतात. पुष्कळजण पूर्वग्रहामुळे पाठवतात. बीबीसीच्या २०१८ च्या अभ्यासातही खोटी बातमी पसरवण्यामागे राष्ट्राभिमानाची भावना ठळकपणे दिसली होती. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांना तासभर खोटी बातमी ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. सरासरी फरक पडला नाही, आणि पक्षनिष्ठ मतदारांवर काही वेळा उलटाच परिणाम झाला. ब्राझीलमध्ये २०२२ च्या निवडणुकीआधी काही लोकांचा व्हॉट्सॲपवरचा चित्र-व्हिडिओंचा वापर कमी करून पाहिला. खोट्या बातम्या कमी दिसल्या, पण मते बदलली नाहीत. या बाजूचे म्हणणे असे की फोनला दोष देऊन समाज आपली जबाबदारी झटकतो.

मात्र ही भूमिकाही पूर्ण टिकत नाही. बिहारमध्येच नंतर शाळकरी मुलांना काही महिने वर्गात हेच शिकवले गेले. ५८३ गावांतली तेरा हजारांहून अधिक मुले या प्रयोगात होती; शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला. एक तास पुरला नाही. शिक्षक, वर्ग आणि चार महिने पुरले. मत बदलत नाही असे नसून त्याला वेळ आणि समोर बसलेला माणूस लागतो, असा याचा अर्थ मी घेतो.

तिसरी भूमिका फारशी चर्चेत नसते, पण उपनगरातल्या अनुभवाशी तीच जुळते. ती म्हणते, मत ना फोनमध्ये घडते ना मनात. ते ओळखीच्या माणसांत घडते. पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीच्या अभ्यासातून दाखवले होते, की माध्यमातली बातमी थेट मतदारापर्यंत पोचत नाही. आजूबाजूच्या जाणत्या माणसाकडून गाळून येते. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या १९२३ पासून चालत आलेल्या संस्था, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, गोरेगावचे केशव गोरे स्मारक, नाक्यावरचा पक्षाच्या शाखेचा फलक, गिरगावातून उपनगरात आलेल्या गणेशमंडळांची व्याख्याने: ही गाळणी होती. फोनने बातमी त्यांना वळसा घालून आणली. सोसायटीच्या गटात काकांनी विचारलेला प्रश्न वाचनालयात विचारला असता तर त्यावर अर्धा तास बोलणे झाले असते. या भूमिकेवरचा आक्षेपही रास्त आहे. ते जाणते बहुधा पुरुष, बहुधा उच्चवर्णीय आणि बहुधा पेन्शनर असत. चिरागनगरातल्या किंवा कामराज नगरातल्या बाईला तिथे बोलायला कुणी उभे केले नव्हते. आज ती फोनवर बोलते. मुलुंडच्या त्या महिलेलाही वाचनालयाने नव्हे, फोनने न्याय मिळवून दिला.

मोजायचे कसे? रशियाचा अनुभव

मत कुठे घडते याआधी, विचारल्यावर माणूस सांगतो ते त्याचे मत असते का, हा प्रश्न येतो. तो रशियात सर्वात टोकदारपणे पुढे आला.

४ मार्च २०२२ रोजी रशियाने सैन्याबद्दल 'खोटी' माहिती पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद झाले. लेवादा या संस्थेला २०१६ मध्येच 'परकीय हस्तक' ठरवण्यात आले होते, तरी तिच्या पाहण्या चालू राहिल्या. सैन्याच्या कारवाईला पाठिंबा त्यांत सतत सत्तर टक्क्यांच्या वर दिसतो. त्याच पाहण्यांत, २०२२ च्या शरदापासून, अनेकदा निम्म्याहून अधिक लोक शांतताचर्चा व्हावी असेही म्हणतात. काही अभ्यासक हे आकडे भीतीचे मानतात. २०२२ च्या वसंतात फिलिप चापकोव्स्की आणि माक्स शाउब यांनी एक प्रयोग केला. थेट विचारले तेव्हा ६८ टक्के लोकांनी युद्धाला पाठिंबा सांगितला. मग दुसऱ्या गटाला विधानांची यादी देऊन त्यांतली किती पटतात एवढाच आकडा विचारला, म्हणजे कोणते विधान पटले हे उघड होऊ नये. तेव्हा पाठिंबा ५३ टक्क्यांवर आला. लेवादाचे म्हणणे असे, की पाहणी माणूस उघडपणे काय म्हणायला तयार आहे ते मोजते, आणि राजकारणात उघड वागण्यालाच महत्त्व असते. अभ्यासकांचा तिसरा गट मुलाखतींच्या आधारे सांगतो, की पुष्कळांना ठाम मतच नसते. राजकारणापासून दूर राहायची सवय असते आणि विचारले की हो म्हणून मोकळे व्हायचे असते.

हा रशियाचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. इथे निवडणुकीत सरकार बदलते, न्यायालये सरकारविरुद्ध निकाल देतात, वर्तमानपत्रे टीका करतात. पण कायद्याची भीती नसली तरी शेजाऱ्याची भीड असते. तिमूर कुरान यांनी १९९५ मध्ये मांडलेला सिद्धान्त, लोक चारचौघांत मनातले लपवून सोयीचे बोलतात आणि त्यामुळे सगळ्यांनाच एकमेकांबद्दल चुकीचा अंदाज येतो, हुकूमशाहीबाहेरही लागू पडतो. दीडशे घरांच्या गटात शांततेची बाजू घेणारा माणूस तुरुंगात जात नाही. पण त्याला पार्किंगपासून पाणीगळतीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्याच लोकांकडे जायचे असते.

फोनवरची सरकारची पकड हा या प्रश्नाचाच दुसरा भाग. १ सप्टेंबर २०२५ पासून रशियात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये 'मॅक्स' हे सरकारमान्य ॲप आधीच घातलेले असते, आणि त्याआधीच व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरून बोलण्यावर निर्बंध आले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने 'संचार साथी' ॲप नव्या फोनमध्ये सक्तीने घालण्याचा आदेश काढला, आणि ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. फसवणूक रोखण्यासाठी ॲप उपयोगी आहे असे एक बाजू म्हणते; न काढता येणारे सरकारी ॲप फोनमध्ये नको, असे दुसरी. आदेश मागे घेतला गेला, यातच दोन देशांतला फरक आहे.

न्यायालयांत काय ठरले, काय राहिले

पालघरच्या प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की सदस्याने गटावर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन असल्यामुळे दोषी ठरत नाही. तरीही उपनगरातला कुठलाही सेक्रेटरी आज तणावाच्या दिवसांत गट बंद करतो. निकाल एका बाजूला, भीती दुसऱ्या. सरकारविषयीची 'खोटी' माहिती सरकारच्याच कक्षाने ठरवावी, ही २०२३ ची तरतूद उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली. आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकरांच्या मताने निर्णय झाला. मे २०२५ मध्ये 'सिंदूर'विषयीची एक नोंद पुढे पाठवल्याबद्दल पुण्यातल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला अटक झाली आणि महाविद्यालयानेही काढून टाकले. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने सरकारला फटकारत तिला जामीन दिला. तिने ती नोंद आधीच काढून टाकली होती आणि माफीही मागितली होती.

संदेश मुळात कुणी पाठवला हे कंपनीने सांगितले पाहिजे, हा २०२१ चा नियम मात्र अजून अधांतरी आहे. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि कूटबद्धता मोडायला लावली तर भारत सोडू, असे एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. राईनपाड्याच्या पाच जणांच्या कुटुंबीयांना मूळ पाठवणारा सापडावा असे वाटणे न्याय्य आहे. पुण्याच्या त्या विद्यार्थिनीसारख्यांना तसा मार्ग उघडा राहू नये असे वाटणेही तितकेच न्याय्य आहे. या दोहोंना एकाच वेळी समाधान देणारे उत्तर आजवर कुणी मांडलेले नाही.

काय अनिर्णित आहे

फोन मत घडवतो की वाहतो, या मूळ प्रश्नावर पुराव्याचा कल आज दुसऱ्या बाजूला, म्हणजे वाहक असण्याकडे झुकलेला आहे. पण तो पुरावा थोड्या आठवड्यांचा आहे. वीस वर्षे रोज फोन पाहिल्याने माणसाच्या मताचे काय होते, हे असल्या प्रयोगांत कळणार नाही. दुसरे, युद्धाच्या चार दिवसांतले मत आणि सहा महिन्यांनंतरचे मत यांची तुलना करणारे काम विरळ आहे, आणि मला ही सर्वात मोठी उणीव वाटते. तिसरे, उल्लेख केलेले बहुतेक प्रयोग बिहारमधले किंवा ब्राझील-रशियामधले आहेत. ज्या शहरात एकाच मजल्यावर मराठी, गुजराती, तमिळ आणि भोजपुरी बोलणारी घरे आहेत आणि प्रत्येक घराचे चार-चार गट आहेत, तिथे काय घडते हे बिहारच्या गावावरून ताडता येणार नाही.

माझे स्वतःचे मत तिसऱ्या भूमिकेच्या जवळचे आहे. समोरासमोर बोलताना माणूस आपले मत मऊ करतो, त्यात भर घालतो, कधी मागे घेतो. लिहिलेले मत मागे घ्यायला कठीण जाते. म्हणून गटावरचे मत हेच लोकमत मानणे चूक आहे, मग ते वाहिनीने मानो, पक्षाने मानो किंवा पोलिसांनी.

यावर काम व्हायचे तर सामग्री हवी, आणि ती वाचकांच्याच खिशात आहे. मे २०२५ मधले सोसायटीचे, शाळेच्या जुन्या वर्गमित्रांचे, नातेवाइकांचे संदेश बऱ्याच फोनमध्ये अजून असतील. व्हॉट्सॲपमध्ये चॅट एक्स्पोर्ट करण्याची सोय आहे. गटातल्या लोकांची संमती घ्या, नावे आणि क्रमांक काढून टाका, तारीख-वेळ तशीच ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा वाचनालयाच्या स्वाधीन करा. फोन बदलण्याआधी एवढे करावे, ही विनंती.